रात्रपाळीला फलाटावर पहिल्यांदा उभी राहताना

मुंबईत लोकलच्या फलाटावर मी ठेकेदाराकडून 9 वर्षं सुरक्षारक्षक आहे. नव्या मुलीला पहिल्याच रात्री सांगते: आल्याबरोबर जोडीदार कुठल्या टोकाला आहे ते बघ, वॉकीटॉकीवर त्याच्याशी बोलून बघ, मगच हजेरीवर सही कर. बॅटरी उतरलेली असेल तर डायरीत लिही, वेळेसकट.

"आपल्यातलं आपल्यात ठेवायचं," असं जुनी मंडळी म्हणतात. नको ठेवूस. माझ्या एका जोडीदारणीला सलग दोन पाळ्या करायला लावल्या, पहाटे तिला एका दारुड्याने ढकललं, आणि डायरीत 'पाय घसरला' एवढंच लिहिलं गेलं. मी तेव्हा गप्प बसले. ते अजून सलतं.

दारुड्याजवळ जाताना पाठ भिंतीकडे, रुळांकडे कधीच नाही. हातभर लांबून बोल, दादा म्हण, आवाज खाली ठेव. ऐकलं नाही तर अंगाला हात लावू नकोस, 1512 वर लोहमार्ग पोलिसांना बोलव. कोणी गाडीच्या टपावर चढलं तर मागे चढायचं नाही, काठीही वर करायची नाही. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. स्टेशन मास्तरांना कळव आणि वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत लांब थांब.

वरचा माणूस अंगचटीला आला, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने ठेकेदाराकडच्या बाईलाही तक्रार करता येते. 3 महिन्यांच्या आत, लेखी, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे. एक प्रत घरी ठेव.