ब्रुसेलाच्या लशीवर काम करायचंय? टायटरवर भुलू नका

खानापूर-निपाणीकडची व्हेटर्नरीची पोरं विचारतात, लशींच्या संशोधनात शिरायचं कसं? मी ब्रुसेलात, म्हणजे गाई गाभडवणाऱ्या जंतूत, रमलो, त्यामुळे तेवढंच सांगतो.

रोग तुम्हाला ठाऊक आहे. सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते आणि ती हाताने काढणाऱ्याला पुढे ताप, सांधेदुखी. कच्च्या दुधाचा धोका वेगळाच.

आता मुद्द्याचं. लस टोचली, अँटीबॉडी चढल्या, म्हणजे लस चालली असं वाटतं. चालली असेलही, पण टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचं माप, हा त्याचा पुरावा नव्हे. ब्रुसेला मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, आत घर करतो, तिथे अँटीबॉडी पोचत नाहीत. अशा लपलेल्या जंतूशी लढणाऱ्या टी-पेशींशिवाय भागत नाही. पटत नसेल तर दोन जुन्या लशी शेजारी ठेवा. एस१९ च्या जंतूवर ओ-साखळी (पृष्ठभागावरची साखरेची साखळी) असते, तिच्या अँटीबॉडी बनतात, म्हणून रोझ बेंगॉल या रक्तचाचणीच्या थेंबात गुठळ्या धरतात. आरबी५१ वर ती जवळपास नसतेच. चाचणी निगेटिव्ह, तरी गाय गाभडण्यापासून बरीच वाचते. उलट एस१९ चं टायटर सर्व्हेत नडतं, कारण गुठळी लशीची की रोगाची ते कळत नाही. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीच टोचतात (मोठं होईपर्यंत टायटर बहुतेक उतरतं) त्याचं हेही एक कारण. टोचल्याची नोंद कानातल्या १२ आकडी बिल्ल्याच्या नंबरावर नसेल, तर तो नमुना घेऊच नका.

माझं कामही इथेच रखडलं. एलायझाच्या (अँटीबॉडी मोजणाऱ्या चाचणीच्या) प्लेटा देखण्या होत्या, परीक्षकांनी विचारलं, "दुधातून जंतू किती कमी झाले?"

घाबरू नका, इम्युनॉलॉजी वाचून येते. गोठ्यात पाय न ठेवणारा मार्गदर्शक मात्र घेऊ नका, पेपर कितीही असोत. "उंदरावर भागतं" म्हणणारेही भेटतील. उंदराची प्लीहा दुधाबद्दल काही सांगत नाही. घातक जंतूचं काम बीएसएल-३, म्हणजे कडेकोट सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच, त्यासाठी घर सुटणार. सर्व्हे शिकायला बेंगळुरूत येलहंक्याची निवेदी, म्हणजे जनावरांच्या रोगप्रसाराचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, चांगली. खात्याची रजिस्टरं कन्नडात असतात, तेवढं वाचायला शिका. गोठ्यात मालक "गाभडली न्हाई ओ कवाच" म्हणेल. धार काढणाऱ्या मावशींना विचारा, कुठली गाय, कुठल्या सणाला, सगळं सांगतील.

आणि या दोन्ही लशी जिवंत आहेत. सुई बोटात गेली तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि लशीचं नाव सांगा. नेहमीच्या उपचारात डॉक्सीसायक्लिनसोबत रिफॅम्पिसिन देतात, आरबी५१ रिफॅम्पिसिनला दाद देत नाही.