प्लाझ्मा एक्सचेंज: हेपरिन की सायट्रेट? या चुका टाळा

प्लाझ्मा एक्सचेंज म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा काढून त्याजागी बदली द्रव देणं; मशीनच्या सर्किटमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन किंवा सायट्रेट लागतं. सेंट्रिफ्यूज मशीनवर सायट्रेट, डायलिसिस विभागातल्या मेम्ब्रेन फिल्टरवर हेपरिन. एरवी हा शिरस्ता चालून जातो. पेशंटचं लिव्हर, प्लेटलेट आणि बदली द्रव न पाहता तोच रेटला, की घात होतो.

मेम्ब्रेनवर टीएमपी (पडद्याच्या दोन बाजूंमधला दाब) चढला की हात आधी हेपरिनकडे जातो. त्याआधी हिशोब करा. रक्तप्रवाह मिनिटाला 100 मिली आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा हिस्सा) 30 टक्के असेल, तर फिल्टरमध्ये प्लाझ्मा येतो 70 मिली. त्यातला 30 टक्क्यांहून जास्त, म्हणजे मिनिटाला 21 मिलीच्या वर ओढलात, तर तंतूंत रक्त दाटून गुठळी धरते. काढायचा वेग उतरवा, कॅथेटरचा प्रवाह सुधारा. हेपरिन प्लाझ्माबरोबर वाहून जातं हे खरं, पण अल्ब्युमिन देत असाल तर फायब्रिनोजेनही (गुठळी बनवणारं प्रथिन) निम्म्याहून खाली येतं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. सत्र संपल्यासंपल्या लाइन काढू नका, बायोप्सी तर नकोच.

सायट्रेटवर एकूण कॅल्शियम पाहून निर्धास्त राहणं ही सगळ्यात महाग चूक. आयोनाइज्ड (मोकळं) कॅल्शियमच पाहा, सायट्रेट तेच बांधून ठेवतं. ओठांभोवती मुंग्या आल्या की प्रथम वेग कमी, मग 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, दहा मिनिटांत सावकाश. व्हेंटिलेटरवरचा पेशंट मुंग्या सांगणार नाही. तिथे मॉनिटरवर क्यूटी (ईसीजीतलं अंतर, कॅल्शियम घटलं की लांबतं) बघा. एफएफपीच्या (गोठवून ठेवलेल्या ताज्या प्लाझ्माच्या) पिशवीत किंवा त्याच लाइनमध्ये कॅल्शियम सोडू नका, प्लाझ्मा गोठतो. शिवाय एफएफपीत सायट्रेट असतंच. टीटीपीत (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट घटणारा आजार) बदली सगळी एफएफपीची, म्हणून भार दुहेरी.

खरी कसोटी उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या विषबाधेत. लिव्हर कोलमडलेलं असतं, त्यामुळे सायट्रेट पचत नाही, आणि हेपरिनने रक्तस्राव वाढू शकतो. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) 5 आहे म्हणून सर्किट गोठणार नाही, असं मात्र समजू नका, गोठतं. आम्ही अशा वेळी मेम्ब्रेनवर हेपरिनशिवाय, चांगल्या प्रवाहावर सुरुवात करणं पसंत करतो. सायट्रेट वापरावंच लागलं तर कमीत कमी, आणि दर अर्ध्या तासाला आयोनाइज्ड कॅल्शियम. एकूण आणि आयोनाइज्ड, दोन्ही मिलिमोलमध्ये घेऊन भागाकार 2.5 च्या वर गेला, तर सायट्रेट साचतंय, थांबवा.

एचआयटीचा (हेपरिनमुळेच प्लेटलेट घटण्याचा) संशय असेल तर हेपरिन सगळीकडून काढा: प्रायमिंगमधून, फ्लशमधून आणि हमखास विसरला जाणाऱ्या कॅथेटर लॉकमधूनही.