कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये जास्त क्षमतेची नवी हार्ड डिस्क कशी रुजू करावी

हार्ड डिस्कची क्षमता जितकी वाढली, तितका तिचा वेग वाढलेला नाही, आणि नवी मोठी डिस्क कामाला लावताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ याच तफावतीत असते. १ टीबीची पहिली डिस्क हिताचीने २००७ मध्ये बाजारात आणली आणि जानेवारी २०२४ मध्ये सीगेटने ३० टीबी व त्यापुढील क्षमतेची मालिका जाहीर केली. तबकडी मात्र आजही मिनिटाला ७२०० फेऱ्यांनीच फिरते, आणि हा वेग १९९२ पासूनचा आहे. सरासरी २०० एमबी प्रतिसेकंद धरले, तर २० टीबीची डिस्क एकदा काठोकाठ भरायला जवळपास २८ तास लागतात. म्हणून खरेदीच्या प्रस्तावात टीबीच्या आकड्याशेजारी हा तासांचा आकडाही लिहावा, कारण चाचणी, स्थलांतर आणि दुरुस्ती यांचे वेळापत्रक त्यावरूनच ठरते.

प्रथम या डिस्कवर काय ठेवायचे ते निश्चित करावे. तबकडीची एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांत होते, त्यामुळे हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसते थांबण्यात जातात, शिवाय डोके हलवण्याचा वेळ वेगळा. परिणामी विखुरलेल्या लहान नोंदी वाचण्याचे काम ती सेकंदाला शे-दोनशेच्या घरातच करू शकते. टॅलीचा चालू डेटा, एसक्यूएल डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन तिच्यावर ठेवल्यास दुपारपर्यंत हिशेब विभागाची तक्रार आलीच म्हणून समजावे. त्या कामाला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची डिस्कच हवी. स्कॅन केलेली कागदपत्रे, आराखडे, सीसीटीव्हीचे चित्रण, जुन्या वर्षांचे दप्तर आणि बॅकअप यांसाठी मात्र हार्ड डिस्कइतका स्वस्त पर्याय आजही नाही.

खरेदी करताना माहितीपत्रकात ‘सीएमआर’ ही अक्षरे शोधावीत; या प्रकारात माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी असतात. ‘एसएमआर’ प्रकारात माहितीचे पट्टे कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधला एक पट्टा बदलायचा झाला, तर पुढचे अनेक पट्टे पुन्हा लिहावे लागतात. रेड (आरएआयडी) संचात, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचात, अशी डिस्क बसवली की पुनर्बांधणी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभारणे, रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (इंग्रजी ‘लाल’) नावाच्या मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाल्यावर कंपनीला त्यांची यादी जाहीर करावी लागली होती. तेव्हा केवळ पेटीवरच्या मालिकेच्या नावावर विसंबू नये, मॉडेल क्रमांक तपासावा. सर्व्हरसाठीच्या डिस्कवर वर्षाला ५५० टीबी कामाचा भार आणि २५ लाख तासांचे सरासरी आयुर्मान असे आकडे असतात. यातील दुसरा आकडा अनेकांची दिशाभूल करतो. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षे. एवढी वर्षे एकही डिस्क चालणार नाही. मोठ्या संख्येने डिस्क चालवल्यास वर्षाला साधारण ०.३५ टक्के निकामी होतील, एवढाच त्याचा अर्थ आहे.

माल हाती आल्यावर पेटी फेकून देण्यापूर्वी अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून भारतात वॉरंटी लागू आहे का, हे पाहावे. परस्पर आयात केलेल्या किंवा मोठ्या संगणक कंपन्यांसाठी बनवलेल्या डिस्क किरकोळ बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यांना येथील सेवा केंद्र हात लावत नाही. नव्या डिस्कचे चालू तास शून्याच्या आसपास असले, तरी तेवढ्याने खात्री पटत नाही. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघडकीस आले. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंदवही असते आणि स्मार्टसीटीएल या मोफत साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या ती वाचू शकतात. दोन्हीकडचे तास जुळत नसतील, तर माल त्याच दिवशी परत करावा.

बसवताना दोन गोष्टी अडतात. पहिली किरकोळ आहे: अनेक मोठ्या डिस्कच्या तळाची मधली स्क्रूची छिद्रे सरकलेली असतात, त्यामुळे जुन्या ट्रेमध्ये त्या नीट बसत नाहीत. दुसरी अधिक फसवी आहे. सर्व्हरसाठीच्या काही साटा डिस्कमध्ये विजेच्या जोडणीतील तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, म्हणजे दूरवरून तिचा वीजपुरवठा तोडून पुन्हा सुरू करता यावा. जुने वीजपुरवठा संच त्याच पिनवर सतत ३.३ व्होल्ट देतात. अशा वेळी डिस्क फिरत नाही, आवाज येत नाही, बायोसमध्ये दिसत नाही, आणि चांगली डिस्क ‘मेलेली’ म्हणून दुकानात परत जाते. पिनवर वीजरोधक चिकटपट्टी लावून काम भागते खरे, पण कार्यालयीन सर्व्हरमध्ये असली कारागिरी नको. मागणी नोंदवतानाच ही सोय नसलेले मॉडेल निवडावे.

यानंतर चाचणी, आणि येथे घाई करू नये. प्रथम स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्या स्वतःची प्रकृती तपासणाऱ्या सोयीची, दीर्घ चाचणी चालवावी. ती एका दिवसाहून अधिक वेळ घेऊ शकते. मग पूर्ण पृष्ठभागावर एकदा लिहून व वाचून पाहावे. लिनक्सवरील बॅडब्लॉक्स या साधनात ठोकळ्यांचे (एका वेळी तपासायच्या तुकड्यांचे) क्रमांक ३२ बिटांचे असल्याने ४०९६ बाइटचा ठोकळा दिल्यास १६ टीबीच्या पुढे ते त्रुटी दाखवून थांबते. ८१९२ बाइटचा ठोकळा दिला की काम पुढे सरकते. त्याची नेहमीची लेखन चाचणी चार वेगवेगळ्या नमुन्यांनी होते, म्हणजे आठ फेऱ्या, म्हणजे २० टीबीसाठी नऊ दिवसांहून अधिक. एकाच नमुन्याने सव्वादोन ते अडीच दिवसांत चाचणी उरकावी, असे माझे मत आहे. ही चाचणी डिस्कवरील सर्व काही पुसून टाकते, हे ध्यानात ठेवून डिस्कचे नाव दोनदा तपासावे. शेवटी स्मार्टमधील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात: बदललेले, प्रलंबित आणि न सुधारता येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे लहान कप्पे. नव्या डिस्कवर तिन्ही शून्यच हवेत. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो, डिस्कचा नव्हे.

डिस्कचे भाग पाडताना विभागणी जीपीटी पद्धतीनेच करावी, कारण जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा २.२ टीबीपर्यंतच आहे. विंडोजवर एनटीएफएस या फाइल मांडणीच्या पद्धतीचा क्लस्टर (जागावाटपाचा सर्वांत लहान तुकडा) ४ केबी ठेवला, तर एका खंडाची (व्हॉल्यूमची) कमाल मर्यादा १६ टीबी होते. त्याहून मोठ्या खंडाला निदान ८ केबीचा क्लस्टर लागतो आणि त्यावर एनटीएफएसचे अंगभूत कॉम्प्रेशन चालत नाही. जुनी फोल्डर कॉम्प्रेस केलेली असतील, तर त्यांना आता अधिक जागा लागेल. विंडोज २० टीबीऐवजी १८.१९ दाखवते, उत्पादक १००० च्या आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक पडतो, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवावे.

मोठ्या डिस्कचा संच करताना रेड ५, म्हणजे एकच डिस्क गेली तर तग धरणारी रचना, टाळावे. त्यात एक डिस्क गेली की उरलेल्या सगळ्या अखंड वाचाव्या लागतात. २० टीबीच्या चार डिस्कच्या संचात हे वाचन ६० टीबी भरते, म्हणजे सुमारे ४.८ गुणिले १० चा १४ वा घात इतके बिट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. सर्व्हरच्या डिस्कसाठी हे प्रमाण त्याच्या एक दशांश आहे. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, तरीही पुनर्बांधणीचे किमान २८ तास, आणि कार्यालय चालू असेल तर कित्येक दिवस, कोणत्याही आधाराविना काढणे व्यवसायाला परवडणारे नाही. रेड ६ घ्यावे, त्यात दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. डिस्क शक्यतो एकाच लॉटमधल्या नसाव्यात. चूक सुधारण्याची कालमर्यादा सात सेकंदांवर आहे का, तेही पाहावे, नाहीतर सुधारणेत गुंतलेली डिस्क प्रतिसाद देत नाही म्हणून कंट्रोलर तिला संचाबाहेर काढतो.

स्थलांतरासाठी गिगाबिट नेटवर्कवर विसंबल्यास सेकंदाला ११० एमबीच्या हिशेबाने २० टीबीला पन्नास तास लागतील. पहिली पूर्ण प्रत थेट जोडणीने करावी, नंतर रोज फक्त बदललेल्या फाइल घ्याव्यात आणि शेवटची जुळवणी शनिवारी रात्री, सर्वांना बाहेर काढून करावी. जुना संच महिनाभर तसाच ठेवावा. रेड हा बॅकअप नव्हे. कंपनी म्हणून नोंदणी असल्यास कंपनी (लेखा) नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे.

एक काम मात्र पहिली फाइल उतरवण्याआधीच करावे लागते: विंडोजच्या बिटलॉकरने किंवा लिनक्सच्या लुक्सने संपूर्ण खंड कूटबद्ध करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणे. वॉरंटीत बदलायला द्यावी लागणारी डिस्क बहुधा बंद पडलेली असते, त्यामुळे ती पुसता येत नाही आणि ग्राहकांच्या माहितीसह ती सेवा केंद्राच्या टेबलावर जाते. कूटबद्ध खंडाची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी आणि ती त्याच सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जतन करू नये.