सस्पेन्स थ्रिलर मुलांना दाखवायचा की नाही? ठरवताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. पारा ४५ च्या आसपास, शाळा जूनच्या शेवटाकडे उघडणार, आणि एकाच घरात मामाची, मावशीची, आत्याची मिळून पाच ते पंधरा वर्षांची पोरं जमलेली. खिडकीत कूलर, पडदे ओढलेले, टीव्हीपुढे गाद्या टाकलेल्या. मोठा दादा एखादा सस्पेन्स थ्रिलर लावतो. स्वयंपाकघरातून विचारणा होते, "काही वावगं नाही ना रे त्यात?" "नाही ना मावशी, साधा पिक्चर आहे." एवढ्यावर निर्णय होतो. मग रात्री धाकटी आईला उठवते, बाथरूमपर्यंत चल म्हणते, आणि पुढचे बरेच दिवस तेच चालतं.

मुलांना सस्पेन्स दाखवूच नये, असं माझं अजिबात म्हणणं नाही. रहस्य उलगडताना मुलं जितकी एकाग्र होतात तितकी क्वचितच कशात होतात. पण सिनेमा त्यांच्या वयाला झेपेल का, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा भलतंच काहीतरी तपासतो.

चूक : "रक्त नाही, शिव्या नाहीत, म्हणजे चालेल"

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मारामारी किती, शिव्या किती, नको ते प्रसंग किती, एवढं बघून आपण हिरवा कंदील दाखवतो. सस्पेन्सचं सगळं बळ मात्र जे दाखवलेलं नाही त्यात असतं. मुलगी घरी एकटी अभ्यास करते आहे. मागच्या दाराची कडी हळूच हलते. तिला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही, एक वाईट शब्द नाही. तरी सहा-सात वर्षांच्या मुलासाठी अख्ख्या सिनेमातला सगळ्यात जड प्रसंग हाच असू शकतो.

मोठ्या माणसाला अशा वेळी मजा येते, कारण त्याने असे शंभर सिनेमे पाहिलेले असतात. हा ताण दिग्दर्शकाने मुद्दाम आणलाय आणि थोड्या वेळाने तोच सोडवणार आहे, हे त्याला आतून ठाऊक असतं. लहान मुलाकडे ही खात्री नसते. त्याला धोका दिसतो आणि पडद्यावरच्या मुलीला सावध करता येत नाही. जे दाखवलेलं नाही ते त्याचं डोकं स्वतःच भरून काढतं, आणि लहान मुलाच्या डोक्यात उभं राहिलेलं चित्र कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा भयंकर असू शकतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या सिनेमात कोडं आहे की धोका? हार कोणी चोरला, चिठ्ठी कोणी लिहिली, माणूस गेला कुठे, हे कोडं झालं. मुलं त्यात डोकं लढवतात, एकमेकांशी पैजा लावतात. आता कोणाचा नंबर, हा सुटेल का, ती दार उघडेल का, हा धोका. बहुतेक सिनेमांत दोन्ही असतं, तेव्हा कशाचं पारडं जड आहे ते बघा. कोडं प्रमुख असेल तर आठ-नऊ वर्षांचं मूल मोठ्यांसोबत मजेत बघतं. सतत पाठलागच असेल तर रक्त न सांडताही तो सिनेमा त्याच्यासाठी नाही.

दुसरा प्रश्न, धोका कोणाकडून येतो? दूरच्या हवेलीतला अनोळखी माणूस मुलाला घरी आल्यावर सोडून जातो. शेवटी खुनी निघालेला काका, शिक्षक, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर किंवा स्वतःची आई मात्र सोडून जात नाही, कारण ती माणसं उद्या सकाळी पुन्हा समोर असतात. थ्रिलरवाल्यांना "ज्याच्यावर संशयच नव्हता तोच" हा शेवट फार प्रिय. आपल्याला तो हुशारीचा वाटतो. सात वर्षांचं मूल त्यातून एवढंच घेतं की भरवशाचं माणूस कधीही बदलू शकतं.

जागाही तपासा. लिफ्ट, जिना, बाथरूम, पलंगाखालची जागा, पार्किंग. जिथे मूल रोज एकटं जातं तिथेच प्रसंग घडला असेल तर ती जागा त्याच्यासाठी बरेच दिवस बिघडते.

मुलांना भीतीच नको, असं नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत, म्हणजे इडापिडेचा भलामोठा पुतळा, मिरवणुकीने निघते तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलेलं चार वर्षांचं पोर तिचा अक्राळविक्राळ चेहरा बघून किंचाळतं आणि लगेच "घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळ्यांबरोबर ओरडतं. लख्ख दिवस असतो, सभोवती आपली माणसं असतात, आणि ही बया इडापिडा घेऊन गावाबाहेर जाणार हे पक्कं ठरलेलं असतं. या तीन गोष्टींपैकी सिनेमात किती आहेत, ते पाहावं.

चूक : सर्टिफिकेट हाच निकाल समजणं

'यूए' हे प्रमाणपत्र १९८३ मध्ये आलं. तेव्हापासून त्याचा अर्थ, बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं का ते पालकांनी ठरवावं, एवढाच होता. सहा वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाला एकाच टोपलीत टाकणारी ही व्यवस्था सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने बदलली. आता 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन गट आहेत. जुन्या सिनेमांवर मात्र अजून नुसतं 'यूए' दिसतं, आणि त्यावरून थ्रिलरबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

या तीन गटांची अंमलबजावणी पालकांनीच करायची आहे. 'यूए १६+' सिनेमाला तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलात तर दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही, कारण कायद्याने तो निर्णय तुमचा आहे. "आत सोडलं म्हणजे चालत असेल," असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. 'ए'चं तसं नाही. तिथे अठरा वर्षांखालच्या कोणालाही, आईबाबा सोबत असले तरी, प्रवेश नाही. तिकिटं काढून सहकुटुंब जायचं आणि दारात हुज्जत घालायची, हा प्रकार मुलांसमोर तरी करू नये.

ओटीटीवरचं वर्गीकरण वेगळ्या वाटेने येतं. २०२१ च्या नियमांनुसार तिथे कंपनीच आपल्या कार्यक्रमाला वयोगट लावते आणि आशय कसला आहे हेही सुरुवातीला लिहिते: हिंसा, भीती, शिवीगाळ, आत्महत्या. ती ओळ पडद्यावर काही सेकंदच राहते आणि नेमकं त्याच वेळी आपण चिवडा आणायला उठलेलो असतो. वयाच्या आकड्याहून ती ओळ जास्त उपयोगाची आहे.

आणखी एक घोळ. "मी हा टीव्हीवर पाहिलाय, काही नाही त्यात," असं आपण छातीठोकपणे सांगतो. टीव्हीवर दाखवायची प्रत बऱ्याचदा कापून सौम्य केलेली असते. ओटीटीवरची तीच असेल असं गृहीत धरू नका.

चूक : सगळ्या वयांना एकच माप

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कॅन्टर यांनी मुलं पडद्यावरच्या कशाला घाबरतात याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या कामातून निघालेली एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असावी. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलं दिसण्याला घाबरतात. विद्रूप चेहरा, मुखवटा, माणसाचं अचानक काहीतरी दुसरंच होणं. ते पात्र प्रत्यक्षात चांगलं आहे, हे सांगून फारसा फरक पडत नाही. त्याहून मोठी मुलं, जे खरंच घडू शकतं त्याला घाबरतात: अपहरण, घरात शिरलेला माणूस, आईवडिलांचा मृत्यू.

याचा अर्थ असा की "ती तर आता दहा वर्षांची आहे, तिला काय होतंय" हे गणित थ्रिलरला लागू होत नाही. भुताच्या सिनेमाला खदखदून हसणारी दहा वर्षांची मुलगी अपहरणाच्या सिनेमानंतर ट्यूशनला एकटी जायला तयार होत नाही, तेव्हा ती नाटक करत नसते. धोका खरा असू शकतो हे समजण्याइतकी ती मोठी झालेली असते.

सगळी भावंडं एकत्र बसणार असतील तर निवड सर्वांत लहान मुलाच्या हिशोबाने करा. मोठ्यांचं मन मोडत असेल तर त्यांचा शो वेगळा ठेवा, धाकट्यांना आजीसोबत संध्याकाळी फुटाळा तलावावर पाठवा. "तू डोळे मिट ना" हा तोडगा नव्हे. डोळे मिटल्यावर कान उघडेच राहतात, आणि थ्रिलरची अर्धी भीती पार्श्वसंगीतात असते. थिएटरात तर आवाज कमी करता येत नाही, थांबवताही येत नाही. म्हणून मुलाचा पहिला सस्पेन्स घरी, दिवसा, हातात रिमोट ठेवून दाखवावा असं माझं ठाम मत आहे.

तान्ह्या बाळाला "झोपेल ते" म्हणून रात्रीच्या शोला नेऊ नये. एवढं पुरे.

चूक : ट्रेलर बघून ठरवणं, आणि शेवट वाचायला घाबरणं

ट्रेलर तिकिटं विकायला बनवलेला असतो. कधी तो सिनेमापेक्षा भयानक असतो, कधी फसवा सौम्य. मुलासाठी निवड करताना आपण स्वतःची उत्सुकता जपतो, रहस्य फुटू नये म्हणून काही वाचत नाही. इथे ती चैन परवडत नाही. कथा शेवटासकट वाचा. कोण मरतं, मूल संकटात येतं का, जनावराला इजा होते का, खुनी कोण, आणि तो पकडला जातो की शेवटच्या दृश्यात पुन्हा हसताना दिसतो? शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पुढच्या भागाची सोय म्हणून धोका जिवंत ठेवणारा शेवट मुलाच्या झोपेला फार वाईट.

आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमाच्या पानावर 'पेरेंट्स गाइड' असतो. तो प्रेक्षकांनीच लिहिलेला असतो, त्यामुळे कुठे त्रोटक, कुठे भरपूर. पण भीतीदायक प्रसंगांचा वेगळा मथळा तिथे मिळतो. ब्रिटनमध्ये प्रदर्शित होणाऱ्या पुष्कळ हिंदी सिनेमांना तिथली बीबीएफसी ही संस्था वयोगट देते. तिच्या संकेतस्थळावर हिंसेपासून वेगळा, धोका आणि भय यांचा मथळा असतो. आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी तीच.

ओटीटीवर असेल तर आदल्या रात्री स्वतः बघा. वेळ नसेल तर निदान मधला चढत जाणारा भाग आणि शेवटची वीस मिनिटं. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. होम स्क्रीनवर आपोआप सुरू होणारी झलक बंद करता येत असेल तर ती बंद ठेवा. कार्टून शोधताना दोन सेकंद दिसलेला चेहराही पुरतो.

चूक : "भीती वाटली का?" विचारून समाधान मानणं

चार भावंडांसमोर कोणतं मूल हो म्हणेल? त्याच्या तोंडापेक्षा शरीराकडे बघा. पाय वर घेऊन बसलाय, पुन्हा पुन्हा सू-सू लागते, नको तिथे मोठ्याने हसतोय, "तो मरणार का?" हे परत परत विचारतोय, पाणी प्यायला गेला तो स्वयंपाकघरातून येतच नाही. यातलं काहीही दिसलं की थांबवा. आणि थांबवण्याचं खापर त्याच्या माथी फोडू नका. "मला कंटाळा आला, चला आइसगोला खाऊ," म्हणून स्वतः उठा. "भित्रा आहे हा" असं बाकीच्यांनी म्हटलं तर तिथल्या तिथे मोठ्यांनी आवरावं.

घाबरलाच, तर

मध्येच उठून आलात तर त्याच्यासाठी गोष्ट तिथेच अडकलेली राहते. मुलगी अजून एकटी, कडी अजून हलतेय. म्हणून पुढचं सांगून टाका: तिचे बाबा आले, पोलिसांनी त्याला पकडलं, ती सुखरूप घरी झोपली. शेवट खरोखर तसा नसेल, तर तो सिनेमा मुलासाठी चुकीचा होता हे उघड आहे. अशा वेळी दोघं मिळून नवा शेवट रचा, हवं तर त्याला चित्र काढायला सांगा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला "हे सगळं खोटं असतं" हे समजावत बसू नका. त्याला कुशीत घ्या, दूध द्या, आजीच्या गोधडीत झोपवा, दिवा राहू द्या. नऊ-दहाच्या पुढच्या मुलाला मात्र बोलणं हवं असतं. असं खरंच घडतं का, आपल्या दाराला कोणती कडी आहे, कोणी अनोळखी आलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. पाठलागाच्या वेळचं संगीत काढून टाकून तोच प्रसंग दिवसा, आवाज बंद करून दाखवा, पण त्याने स्वतः मागितलं तरच. भीती मोडायला जबरदस्तीने पुन्हा बघायला लावणं हा अघोरी उपाय आहे.

बहुतेक मुलं काही दिवसांत सावरतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, शाळेला जायला नकार असेल, एकटं राहणं साफ जमत नसेल किंवा अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं असेल, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना सांगा. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागही आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना सिनेमाचं नाव आणि मूल नेमकं कोणत्या प्रसंगाबद्दल बोलतं, हे लिहून न्या.