चिंचोक्याचं दुकान ते शाळेतला बाजार: लहान पोरांना पैशाचा व्यवहार कसा शिकवायचा

लहान पोरांना पैसे शिकवायचे म्हटलं की आपल्याकडं लगेच गल्ला आणून देतात आणि बचत करा, बचत करा म्हणून भाषण सुरू. माझं मत विचाराल तर बचत नंतर, आधी निवड. दोन्ही पाहिजे पण मिळणार एकच, मग कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं, हे हातानं करायला मिळालं तरच डोक्यात बसतंय. खाली दिलंय ते बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुठल्याही मराठी शाळेत पहिली ते पाचवीला जमण्यासारखं आहे, खर्च जवळपास काही नाही.

सुरुवात पैशाशिवाय करा. प्रत्येकाला एकेक वस्तू द्या, कुणाला पेन्सिल, कुणाला पेरू, कुणाला खोडरबर, आणि सांगा दहा मिनिटांत अदलाबदल करा. गोंधळ होणार, होऊ द्या. पेरूवाल्याला पेन्सिल पाहिजे पण पेन्सिलवालीला पेरू नको, तिला रबर पाहिजे, मग आधी रबरवाल्याला पेरूसाठी तयार करा आणि मग परत पेन्सिलवालीकडं जा. दमली की पोरं स्वतःच विचारतात, टीचर पैशेच द्या की. मग चिंचोके काढायचे.

प्रत्येकाला 10 चिंचोके, आणि टेबलावर दुकान. गोष्टीचं पुस्तक एक दिवस घरी न्यायचं 8, पेन्सिल 5, फळ्यावर तारीख लिहायचा मान 4, स्टिकर 3. सगळं घेता येत नाही असेच भाव ठेवा. आता महत्त्वाचं, वस्तू हातात देताना दोन प्रश्न विचारायचे: काय घेतलंस, आणि हे नसतं तर काय घेतलं असतंस? पोरं उरलेल्या सगळ्या वस्तूंची नावं सांगत बसतात, तसं नाही, दुसऱ्या नंबरची एकच निवड सांगायची, मग ती एक वस्तू असो नाहीतर 10 चिंचोक्यांत बसणारी जोडी. पुस्तक घेतलेल्या पोरीनं पेन्सिल आणि तारखेचा मान ही जोडी सोडली असेल तर पुस्तकाची खरी किंमत तीच. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात पण दुसरीच्या पोरांना तो शब्द सांगायची काही गरज नाही.

एखाद्याचे चिंचोके पहिल्या मिनिटाला संपतात आणि मग तो रडकुंडीला येतो. देऊ नका! पुढच्या आठवड्यात परत मिळणारच आहेत, आज एकदा चुटपुट लागू दे, चिंचोकेच आहेत. आणि जास्त शिल्लक ठेवणाऱ्याला बक्षीस बिक्षीस देऊ नका, नाहीतर पोरं पाहिजे ते पण घेत नाहीत आणि खेळच मरतो.

तिसरीच्या पुढं असतील तर लिलाव कराच. पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येक गटाला 5 चिंचोके, विकायला तीनच वस्तू. बोली लावा आणि कुठली वस्तू केवढ्याला गेली ते फळ्यावर लिहून ठेवा. मग दुसरी फेरी, वस्तू त्याच तीन पण प्रत्येक गटाला 10 चिंचोके. पोरं आधी खूश होतात, पैसे डबल झाले की, आणि मग भाव पण चढत जातात. फळ्यावरचे दोन्ही आकडे दाखवून एवढंच विचारा, चिंचोके वाढले, वस्तू वाढल्या काय? सरकार नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही हा प्रश्न कुठलं ना कुठलं पोर विचारतंच, त्याचं उत्तर इथं मिळतंय.

खऱ्या नोटांची ओळख एका तासात होते. 50 च्या नोटेवर हंपी, 20 वर वेरूळ, मागच्या बाजूच्या भाषांच्या यादीत कन्नड शोधा, मराठी शोधा. आईला सरकारी बसमध्ये शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना फुकट प्रवास) शून्य तिकीट मिळतंय ते पोरांनी बघितलेलं असतंय, तेव्हा विचारा, डिझेलचे पैसे मग कोण देतंय? चौथी-पाचवीची पोरं सरकारपर्यंत पोचतात, आणि सरकारकडं कुठून आले म्हणून पुढं जातात. घरचे किती कमावतात हे मात्र वर्गात कधी विचारायचं नाही.

शेवटी बाजार, आपल्याकडच्या शाळांत मक्कळ संते, म्हणजे पोरांचा बाजार, भरवतात तोच. बहुतेक ठिकाणी घरची कोथिंबीर, लिंबं आणायची, विकायची, फोटो काढायचे, झालं. मला हे अर्धवट वाटतं, कारण माल घरचा म्हणून पोरांना मिळाले तेवढे सगळे पैसे नफाच वाटतात. म्हणून आदल्या दिवशी वहीत खर्च लिहून घ्या. समजा सरबत करायचंय, लिंबू 20, साखर 30, कप 25, झाले 75. साखर आईच्या डब्यातली असली तरी लिहायचीच. ग्लास 10 रुपयांना, तर सात ग्लास विकून 70, म्हणजे अजून तोटाच, आठव्या ग्लासाला नफा सुरू होतो. हा आठवा ग्लास पोरं विसरत नाहीत.

दोघातिघांनी सरबतच आणलं तर आधी अडवू नका, भाव कोण पाडतंय ते बघा. व्यवहार रोखच ठेवा, फोन स्कॅन केला की पोरांना पैसे गेलेले दिसतच नाहीत. सुट्टे पैसे आधी आणून ठेवा, दहाची नाणी चालतात, रिझर्व्ह बँकेनं सगळे नमुने वैध आहेत म्हणून सांगितलंय. गिऱ्हाईक कन्नडमधनं एष्टु (केवढ्याला) म्हणून विचारत येणार, पोरं हत्तु रुपायी (दहा रुपये) म्हणून मोकळी होतात, त्याची काळजी नको. आणि बाजार उठायच्या आधी अर्धा तास उरलेल्या कोथिंबिरीचं काय ते त्यांनाच ठरवू द्या, निम्म्या भावात द्यायची का घरी परत न्यायची. तुम्ही मध्ये बोलू नका.