नवीन फळबाग सांभाळताना रोज काय काय बघायचं

बाग लावली की नवीन माणूस आधी खतं-औषधांच्या मागे लागतो, पण माझ्या मते खरं काम सकाळच्या फेरीत होतं. हातात कात्री आणि खुरपं घ्या आणि रोज वेगळ्या ओळीपासून सुरू करा, नाहीतर शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर लक्ष उडतं आणि रोग नेमका तिथेच वाढत राहतो.

सगळ्यात जास्त गडबड पाण्यात होते. पानं मलूल दिसली की लगेच मोटर चालू करू नका, कारण जास्त पाण्याने मुळं गुदमरली तरी झाड तसंच मलूल दिसतं. आधी वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघा, चिखलासारखी हाताला चिकटली तर पाणी बंद, भुरभुर सुटली तर द्या. ड्रिप म्हणजे ठिबक असेल तर प्रत्येक ड्रिपर (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) टपकतोय ना बघा, फिल्टर धुवा, अधूनमधून नळ्यांची टोकं उघडून घाण वाहू द्या. आणि झाड वाढेल तसे ड्रिपर खोडापासून लांब सरकवा, पाणी ओढणारी बारीक मुळं लांबवर पसरत जातात आणि खोडाशी सतत ओल राहिली तर साल कुजते.

कलमाचा जोड, म्हणजे खालचा मुळांचा खुंट आणि त्यावर बांधलेली हव्या त्या जातीची फांदी जिथे जुळते ती जागा, कायम मातीच्या वर पाहिजे. जोडाखालून खुंटाला फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर खुंटच वर जातो आणि कलम मागे पडतं.

पानं उलटी करून बघायची सवय लावा, किडी बहुतेक खालच्या बाजूला लपतात. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा, भोकात तार घालून अळी काढायची. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र. युरियातून फक्त नत्रच मिळतं, म्हणून सरसकट युरिया टाकू नका, माती तपासून घ्या.

फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो मारूच नका, मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते लेबलवर असतं, ते पाळाच.

पहिली दोन-तीन वर्षं आलेलं फळ लहान असतानाच खुडा, जिवावर येतं पण झाडाला आधी अंग धरू द्या. आणि खाली पडलेली, सडकी फळं रोज उचलून बागेबाहेर न्या, फळमाशीच्या अळ्या त्यातूनच मातीत उतरतात.