राष्ट्रीय फुटबॉल संघाचे मैत्रीपूर्ण आणि अनधिकृत सामने: बिनचूक यादी कशी करावी

पेलेने ब्राझीलसाठी किती गोल केले, या प्रश्नाला ७७ आणि ९५ अशी दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्या आकड्यात फक्त दोन देशांच्या मुख्य संघांमधले सामने आहेत. ब्राझीलचा महासंघ क्लब आणि निवडक संघांविरुद्धचे सामनेही धरतो, म्हणून दुसरा आकडा मोठा. कुठल्याही राष्ट्रीय संघाची यादी करताना विश्वचषकाचे आणि पात्रता फेरीचे सामने भराभर लागतात. घोळ होतो तो मैत्रीपूर्ण सामन्यांत.

आधी तक्ता आखा. तारीख, शहर, मैदान, प्रतिस्पर्धी, स्कोअर, मध्यंतराचा स्कोअर, खेळलेली मिनिटं, दोन्ही बाजूंचे बदली खेळाडू, रेफरी आणि त्याचा देश. हे रकाने नेहमीचेच. त्यापुढे 'अधिकृत: हो / नाही' असा एकच रकाना केलात तर पहिल्याच वादात अडकाल. तिथे तीन रकाने हवेत: आपला महासंघ सामना धरतो का, समोरचा धरतो का, आणि फिफा (फुटबॉलची जागतिक संघटना) धरते का.

तीन का, ते १९५३ च्या मे महिन्यात दिसतं. १४ मे रोजी ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाने इंग्लंडहून आलेल्या संघाला ३-१ हरवलं. अर्जेंटिनात हा पूर्ण आंतरराष्ट्रीय विजय मानला जातो, आणि एर्नेस्तो ग्रिल्योच्या त्या दिवशीच्या गोलमुळे १४ मे तिथे फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात. इंग्लंडच्या नोंदीत मात्र तो एफए इलेव्हनचा (म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने निवडलेल्या अकरा जणांचा) सामना, राष्ट्रीय संघाचा नव्हे. तीनच दिवसांनी त्याच शहरात झालेला सामना इंग्लंड धरतं, जरी पावसामुळे तो २३ मिनिटांत ०-० वर गुंडाळावा लागला. एकाच रकान्यात हे बसवून दाखवा.

'मैत्रीपूर्ण' ही नोंद स्पर्धेच्या रकान्यात जाते, दर्जाच्या नाही. दोन देशांच्या मुख्य संघांत रीतसर परवानगीने झालेला मैत्रीपूर्ण सामना पूर्णपणे अधिकृत असतो. फिफाच्या नियमांत असा सामना पहिल्या श्रेणीचा. एका बाजूला मुख्य संघ आणि दुसऱ्या बाजूला क्लब, प्रादेशिक किंवा वयोगटाचा संघ असेल तर तो दुसऱ्या श्रेणीत जातो.

आता प्रत्येक शंकास्पद सामन्याला काही प्रश्न विचारायचे, आणि क्रम हाच ठेवायचा.

संघ कोणी पाठवला? खेळाडू किती नावाजलेले, हे बघू नका. सप्टेंबर २०१० मध्ये बहारीनने 'टोगो'ला ३-० हरवलं, आणि नंतर टोगोच्या महासंघाने आपण संघ पाठवलाच नव्हता असं जाहीर केलं. जर्सी होती, नाव होतं, देश नव्हता. याच्या नेमकं उलट, सप्टेंबर २०१८ मध्ये करारावरून खेळाडूंशी वाद झाल्यामुळे डेन्मार्कने फुटसालचे (छोट्या मैदानावरच्या इनडोअर फुटबॉलचे) आणि खालच्या विभागांतले खेळाडू घेऊन स्लोव्हाकियाविरुद्ध संघ उतरवला आणि ०-३ असा हरला. तो सामना अधिकृत आहे, कारण संघ डेन्मार्कच्या महासंघानेच पाठवला होता.

समोर कोण होतं? कॅटालोनियाने डिसेंबर २००९ मध्ये अर्जेंटिनाला ४-२ हरवलं, पण कॅटालोनिया फिफाचा सदस्य नाही. मार्टिनिक, ग्वादेलूप, झांझिबार हे आपापल्या खंडाच्या महासंघात असले तरी फिफात नाहीत. त्यांचे सामने खंडाच्या नोंदीत सापडतील, फिफाच्या क्रमवारीत नाही. ऑलिंपिकची पुरुषांची स्पर्धा १९९२ पासून २३ वर्षांखालील खेळाडूंची आहे, तेव्हा त्या संघाचे सराव सामनेही मुख्य यादीत येत नाहीत. क्लबविरुद्धचे सामने तर सरळ वेगळ्या पानावर टाका, पण टाकून देऊ नका. ब्राझील आपल्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना म्हणून २१ जुलै १९१४ रोजी एक्सेटर सिटी या इंग्लिश क्लबविरुद्ध २-० ने जिंकलेला सामना सांगतो. तोच यादीत नसेल तर वाचक यादी बाजूला ठेवेल.

नियमानुसार खेळला गेला का? मिनिटं आणि बदली खेळाडूंचे रकाने इथे कामाला येतात. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने मध्यंतराला अकराच्या अकरा खेळाडू बदलले. असल्या प्रकारांना कंटाळून २००४ मध्ये मुख्य संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी सहा बदल्यांची मर्यादा आली. मे २०१४ मध्ये बेल्जियमने लक्झेंबर्गला ५-१ हरवलं, पण सात बदल्या केल्या. फिफाने सामना अधिकृत यादीतून काढला आणि रोमेलू लुकाकूची हॅटट्रिकही त्याबरोबर गेली. तेव्हा दोन्ही संघांच्या बदल्या मोजा, गोलरक्षकाचीही. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे २००४ च्या आधीच्या सामन्यांना सहाची कसोटी लावणं. दुसरी, आजचं नियमपुस्तक जुन्या सामन्याला लावणं. सामना ज्या हंगामातला, त्याच हंगामाचं पुस्तक उघडायचं. ३० मिनिटांचे तीन किंवा चार भाग, बंद दाराआड, असा खेळ झाला असेल तर तो सराव सामना. त्याचा स्कोअर लिहा, बेरजेत घेऊ नका.

परवानगीची कागदपत्रं बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. पण २०१८ च्या ऑगस्टपासूनच्या सामन्यांसाठी एक चांगली पळवाट आहे: फिफा क्रमवारीतले गुण. सामन्यापूर्वीची आणि नंतरची यादी शेजारी ठेवा. मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या काळात १०, त्याबाहेर ५. निकाल (विजय १, बरोबरी ०.५, पराभव ०) आणि अपेक्षित निकाल (दोन्ही संघांच्या गुणांतल्या फरकावरून फिफाच्या सूत्राने निघणारा) यांतलं अंतर या वजनाने गुणायचं. समसमान गुणांच्या दोन संघांत अपेक्षा ०.५ असते, म्हणजे विजेत्याला ५ किंवा २.५ गुण मिळतात. १२० गुणांनी वरचढ संघाची अपेक्षा साधारण ०.६१३, राखीव काळात त्याने बरोबरी केली तर सुमारे १.१३ गुण जातात. मधल्या काळात दुसरा सामना नसेल आणि गुण दशांशानेही हलले नसतील, तर फिफाने तो सामना धरलेला नाही (समसमान गुणांच्या संघांची बरोबरी एवढा अपवाद, कारण तिथे गुण हलतच नाहीत). अनेक सामने असतील तर क्रमाने एकेक बेरीज करत जा. दोन्ही संघांचे गुण तपासले की शंका उरत नाही.

जुन्या सामन्यांना हा उपाय नाही. तिथे दोन्ही देशांच्या महासंघांच्या याद्या आणि त्या काळची वर्तमानपत्रं एवढाच आधार. इंग्लंड-स्कॉटलंडचे १८७० ते १८७२ दरम्यान लंडनमध्ये झालेले पाच सामने अनधिकृत मानतात, कारण स्कॉटलंडचा संघ इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या पुढाकाराने, मुख्यतः लंडन परिसरातल्या खेळाडूंतून जमवलेला होता. मोजणी ३० नोव्हेंबर १८७२ च्या ग्लासगोतल्या ०-० पासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ब्रिटिश संघांचे सामने एका वेगळ्या गटात ठेवा. त्यांत मोठमोठे खेळाडू होते, पण ते अधिकृत धरले जात नाहीत. कधी दर्जा नंतर काढून घेतला जातो: ५ एप्रिल १९०२ रोजी स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर प्रेक्षकांचा स्टँड कोसळला, सामना अधिकृत यादीतून वगळला गेला आणि ३ मे रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर पुन्हा खेळवला गेला. असा बदल शेऱ्यात तारखेसह लिहा, मूळ ओळ खोडू नका.

अर्धवट थांबलेल्या सामन्यांत खेळलेली मिनिटं आणि थांबण्याचं कारण दोन्ही हवं. १५ फेब्रुवारी १९९५ ला डब्लिनमध्ये आयर्लंड-इंग्लंड सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे २७व्या मिनिटाला १-० वर थांबला. '१-० विजय' असं लिहिलंत तर ते चूक.

तारीख सामना जिथे झाला तिथली. अमेरिका खंडातला रात्रीचा सामना युरोपातल्या बातम्यांत दुसऱ्या दिवसाचा दिसतो, आणि मग एकच सामना यादीत दोनदा शिरतो. मैत्रीपूर्ण चषकाच्या सामन्यात पेनल्टी शूटआउट झालं तर स्कोअरच्या रकान्यात बरोबरी, शूटआउट शेऱ्यात. प्रतिस्पर्ध्याचं नाव मूळ बातमीत असेल तसंच उतरवा: 'ब संघ', 'इलेव्हन', 'निवड संघ' ही शेपटं कापली की नंतर काही कळत नाही. आमंत्रित स्पर्धांत एकाच गटात एका देशाचा मुख्य संघ आणि दुसऱ्याचा वयोगटाचा संघ असू शकतो, म्हणून स्पर्धेला एकच दर्जा न देता प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासा.

शेवटी बेरजा तीन रकान्यांवरून तीन वेगळ्या काढा, आणि खेळाडूंचे सामने व गोलही त्याच रकान्यांना बांधा. सामन्याचा दर्जा बदलला की गोलांचे आकडे आपोआप बदलले पाहिजेत. ते हाताने भरलेले असतील तर एका दुरुस्तीनंतर दोन तक्ते एकमेकांशी जुळणार नाहीत.